देवळाचा वाघ आणि शिकाऱ्याची साक्ष

गेल्या पावसाळ्यात एका देवस्थानाच्या अग्रशाळेत आमचा दोन रात्री मुक्काम पडला. देवस्थानाच्या जमिनींचे जुने कागद तपासून मत द्यावे, एवढ्याच कामासाठी आम्हांस बोलावणे आले होते. देवळापुढे नवा सभामंडप बांधावयाचा होता, आणि त्याच्या खर्चासाठी मागल्या राईतील काही जुने वृक्ष काढून त्यांचे लाकूड विकावे असा महाजनांचा विचार होता. कागद स्वच्छ होते. राई देवस्थानाच्या मालकीची आहे याविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. वनखात्याच्या परवानगीची अट घालून आम्ही अनुकूल मत लिहून दिले. संध्याकाळची आरती आटोपल्यावर देवळाचे वृद्ध भट आमच्याशेजारी पायरीवर टेकले आणि सहज बोलावे तसे बोलले, "वकीलबाब, कागद सारके आसतले. पूण देवाचें रान तें, ताका हात लावंक जायना." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, विनवणीही नव्हती. आम्ही हसून विषय बदलला.

त्या रात्री पावसाचा जोर फार होता. झोप येईना म्हणून सोबत आणलेले पुस्तक उघडले. ते होते जिम कॉर्बेटचे 'द टेंपल टायगर'. विद्यार्थिदशेत ते आम्ही अंगावर काटा यावा म्हणून वाचले होते, आणि तो काटा तेव्हा आलाही होता. या वेळी मात्र पहिल्याच कथेतील एका पुजाऱ्याच्या बोलण्याशी आम्ही थबकलो. हिमालयातील त्या पुजाऱ्याचा स्वर आणि आमच्या पायरीवरील भटांचा स्वर एकच होता. त्यानंतर कॉर्बेटची सर्व पुस्तके आम्ही पुन्हा एकदा क्रमाने वाचून काढली. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

शिकारकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे फारसा मानाचा समजला जात नाही, आणि त्यास कारणही आहे. या प्रकारातील बहुतेक पुस्तके म्हणजे हिशेबाच्या वह्या होत. कूचबिहारच्या महाराजांनी १९०८ साली आपल्या सदतीस वर्षांच्या शिकारीचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या शिकारमंडळींनी मारलेल्या ३६५ वाघांची आणि २०७ गेंड्यांची नोंद आहे. दर वर्षास सरासरी जवळजवळ दहा वाघ! अशा ग्रंथात जनावर हे केवळ एक माप असते: इतके फूट, इतके इंच, अमुक बंदूक, तमुक काडतूस. साहेबी अंमलातील अधिकाऱ्यांच्या आठवणीही बहुधा याच थाटाच्या आहेत. संस्थानी शिकारीचा थाट आमच्या मराठी मंडळींनी ग्वाल्हेरीस जवळून पाहिला आहे. शिवपुरीच्या ज्या रानात दरबारच्या पाहुण्यांसाठी हाके उठत, ते रान आज माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले आहे. त्या वैभवाच्या कथा रंगून सांगणारी माणसे आम्ही ऐकली आहेत. परंतु त्या कथांतून वाघाविषयी काही कळले, असे म्हणता येत नाही. हाक्याच्या शिकारीत मचाणावर बसलेल्या पाहुण्यास वाघ दिसतो तो फक्त मरण्यापुरता.

कॉर्बेटचे वेगळेपण येथेच सुरू होते. एडवर्ड जेम्स कॉर्बेट याचा जन्म १८७५ साली नैनिताल येथे झाला. आयुष्याची वीसहून अधिक वर्षे त्याने मोकामे घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्याच्या कामात घालविली. तो ना लाटसाहेब होता ना संस्थानिक. त्याचे पहिले मोठे पुस्तक 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हे १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले, तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या घरात होते. त्यानंतर दहा वर्षांत 'द मॅन-ईटिंग लेपर्ड ऑफ रुद्रप्रयाग', 'माय इंडिया', 'जंगल लोअर' आणि १९५४ साली 'द टेंपल टायगर' अशी पुस्तके आली. १९५५ साली केनियात त्याचे देहावसान झाले. म्हणजे ज्या घटना तो सांगतो, त्यांतील पुष्कळशा लेखनाच्या वेळी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या होत्या. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तिच्याकडे आम्ही पुढे वळू.

आमचा व्यवसाय साक्षीदारांची परीक्षा करण्याचा आहे. साक्षीदार खरा की खोटा हे ओळखण्यास आम्ही प्रथम एवढेच पाहतो की, या माणसाचा निकालात काही स्वार्थ आहे काय. चंपावतच्या वाघिणीचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. नेपाळातून हाकलली गेलेली ही वाघीण कुमाऊंत आली. तिच्या बळींची एकूण संख्या कॉर्बेट ४३६ देतो. १९०७ साली तिच्या मागे जाण्याची विनंती त्यास झाली, तेव्हा त्याने दोन अटी घातल्या: तिच्या डोक्यावर लावलेली सर्व बक्षिसे रद्द करावी, आणि इतर शिकारी व शिपाई यांना मागे बोलवावे. बक्षिसासाठी मारणारा म्हणून आपली गणना व्हावी, हे त्यास नको होते. आणि चुकून कोणा दुसऱ्याच्या गोळीस बळी पडणेही नको होते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे आणि तो ते लपवीत नाही. अशा साक्षीदाराचे बोलणे न्यायाधीश कान देऊन ऐकतो.

आता त्याची साक्ष पाहा. वाघीण मेल्यावर तो तिची लांबी सांगून थांबत नाही. तो तिचे तोंड तपासतो. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा तर हाडापर्यंत गेलेला. आणि ही इजा बंदुकीच्या जुन्या गोळीची. म्हणजे जी वाघीण शेकडो माणसांच्या मृत्यूची आरोपी, तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारण्यास असमर्थ करणारा पहिला गुन्हेगार कोणी अनामिक शिकारीच होता. ज्या हातांत बंदूक त्याच हातांनी आपल्या बंधूंवर हा ठपका ठेवावा, ही शिकारवाङ्मयातील सामान्य गोष्ट नव्हे.

मुक्तेश्वरच्या वाघिणीची हकीकत तर फौजदारी कायद्याच्या वर्गात शिकवावी अशी आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासएक काटे रुतले. ती जखमा चाटीत दाट गवतात पडून होती. गुरांसाठी गवत कापणारी एक बाई नेमकी त्याच गवताशी आली. वाघिणीने एकच तडाखा दिला, बाई जागीच गेली; वाघिणीने तिला खाल्ले नाही, ती लंगडत दुसरीकडे जाऊन पडली. पुढे एका माणसाची गाठ अशीच पडली आणि तोही गेला. तिसऱ्या वेळी मात्र तिने चिथावणीवाचून मारले. पहिला वध आकस्मिक, दुसरा चिथावणीचा, तिसरा हेतुपूर्वक. कॉर्बेट कायद्याचे शब्द वापरीत नाही. परंतु कृत्यामागील मन शोधण्याची जी शिस्त न्यायासनाने पाळावयाची, ती त्याने एका जनावराच्या बाबतीत पाळली आहे. त्याचा एकूण निष्कर्षही साधाच आहे. माणूस हे वाघाचे स्वाभाविक अन्न नव्हे. जखमेने किंवा वार्धक्याने लाचार झाल्यावाचून वाघ या मार्गास लागत नाही.

आणि ही शिस्त केवळ वाघापुरती नाही. रुद्रप्रयागच्या बिबळ्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. बदरी-केदारच्या यात्रामार्गावरील हा प्रकार. त्यामुळे अवघ्या हिंदुस्थानात त्याची चर्चा झाली. इतकी माणसे मारणारे जनावर जनावर नसून रात्री रूप पालटणारा कोणी माणूस असावा, असा लोकांचा समज होता. गढवालात एका साधूवर असा संशय येऊन जमाव त्याच्या जिवावर उठला. तेव्हा अधिकाऱ्याने त्यास काही दिवस पहाऱ्याखाली ठेवविले; तेवढ्यात अन्यत्र बळी गेला, आणि साधू सुटला. घटनेच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता, हा बचाव एवढ्या निर्णायक रीतीने क्वचितच सिद्ध होतो! कॉर्बेट ही गोष्ट लोकांस हसण्यासाठी सांगत नाही. भयाने ग्रासलेली माणसे निरपराध्यास कशी फाडून टाकतील, आणि थोडा धीर व थोडा पुरावा यांनी एक जीव कसा वाचतो, हे त्यास दाखवावयाचे आहे.

इतके म्हटल्यावर उलटतपासणीही केली पाहिजे. ती टाळणे म्हणजे टीकाकाराने आपले कर्तव्य टाळणे होय.

पहिला आक्षेप पवळगढच्या वाघाचा. १९३० साली मारलेला हा प्रचंड वाघ नरभक्षक नव्हता. त्याने कोणाचे काही केले होते म्हणून नव्हे, तर तो फार मोठा होता आणि अनेक शिकाऱ्यांना हवा होता म्हणून तो मेला. कॉर्बेटने ही कथा नरभक्षकांच्या कथांच्या रांगेत बसविली आहे, आणि तीत हिशेबाच्या वहीचा तोच जुना ध्वनी पुन्हा ऐकू येतो: मोजपट्टी, फूट, इंच. याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याची बाजू घेतो. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२७ सालीच वाघांच्या छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कॉर्बेटने हा मार्ग पत्करला खरा, पण पत्करण्यापूर्वी बराच काळ तो दोन्ही मार्गांवर चालत होता. हे त्याने लपविले नाही, एवढे श्रेय त्यास द्यावे. दोष मात्र पुसला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कॉर्बेटच्या कथांत बळी जाणारी माणसे पाहा. गवत कापणाऱ्या बाया, सरपणास गेलेल्या मुली, गुराखी. ती इतक्या आत, इतक्या एकट्या का जात होती? ज्या कुमाऊंत हा लेखक हिंडला, त्याच कुमाऊंत सरकारने रान राखीव केल्यामुळे गवत-लाकडाच्या हक्कांवरून रयत पेटून उठली होती. १९२१ साली डोंगरांत वणवे लावण्यात आले, आणि त्याच वर्षी बागेश्वर येथे लोकांनी वेठबिगारीच्या वह्या नदीत सोडल्या. कॉर्बेटच्या पुस्तकांत या उठावाचा आवाज जवळजवळ नाही. 'माय इंडिया' त्याने हिंदुस्थानातील गरीब मित्रांस अर्पण केले आहे, आणि त्याचे प्रेम खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. छोटी हल्द्वानी हे गाव विकत घेऊन त्याने शेतकऱ्यांच्या पिकांसाठी गावाभोवती दगडी भिंत घातली. परंतु ते प्रेम मालकाचे होते. गरीब माणूस त्याच्या पुस्तकात शूर आहे, प्रामाणिक आहे, कृतज्ञ आहे. हक्क मागणारा मात्र तो कोठेच नाही.

तिसरा आक्षेप स्मृतीचा. चाळीस वर्षांनंतर सांगितलेले संवाद अक्षरशः खरे असतील असे कोणी वकील मानणार नाही. पण येथे एक गोष्ट ध्यानात येते. कॉर्बेटचे संवाद संशयास्पद वाटले तरी त्याच्या पाऊलखुणा संशयास्पद वाटत नाहीत. धुळीतला ठसा किती जुना, पक्ष्याने कोणत्या बाजूस पाहून ओरड केली, वारा कोठून होता, ही कामे त्याच्या हातापायांनी लक्षात ठेविली होती. दक्षिणेतील केनेथ अँडरसन यांच्या कथा अधिक चटकदार आहेत. आमच्या नीलगिरी-म्हैसूरकडील रानांचा वास त्यांना आहे. परंतु त्यांत गोष्ट रंगविण्याची हौस साक्षीच्या पुढे धावते. कॉर्बेटची भाषा रुक्ष नाही, आणि तरी ती पुराव्याच्या मागून चालते.

आता देवळाच्या वाघाकडे वळू.

देवीधुरा हे कुमाऊंतील वाराहीदेवीचे ठिकाण. श्रावणी पौर्णिमेस तेथे होणारी दगडफेकीची 'बग्वाल' प्रसिद्ध आहे. पनारच्या नरभक्षक बिबळ्याच्या मागावर असताना, म्हणजे १९१० च्या सुमारास, कॉर्बेट देवळाजवळच्या बंगल्यात उतरला होता. त्या परिसरात एक वाघ गावकऱ्यांची गुरे मारीत असे. माणसास त्याने कधी इजा केलेली नव्हती. कॉर्बेटला तो वाघ हवासा वाटला. पुजाऱ्याने त्यास मनाई केली नाही. वाघ मारण्याचा प्रयत्न करण्यास आपली काही हरकत नाही. मात्र तुम्हांला किंवा दुसऱ्या कोणालाही तो मारता येणार नाही, एवढेच त्या पुजाऱ्याने शांतपणे सांगितले. त्यानंतर कॉर्बेटने एकदा नव्हे, अनेकदा प्रयत्न केले. प्रत्येक वेळी काहीतरी आडवे आले. ज्या नेमबाजाने चारशे बळी घेणाऱ्या जनावरांना संपविले, तो या एका गुरेमाऱ्या वाघापुढे हात टेकून परतला. तो वाघ कोणाच्या गोळीने मेला नाही, म्हातारा होऊन आपोआप दिसेनासा झाला असावा, अशा अर्थाने लेखक त्याचा निरोप घेतो.

ही कथा एका अपयशाची आहे. मग कॉर्बेटने ती आपल्या कुमाऊंविषयीच्या शेवटच्या शिकारपुस्तकात सर्वांत आधी का घातली, आणि पुस्तकाला तिचेच नाव का दिले? आमचे मत असे आहे की, ऐंशीच्या उंबरठ्यावर, मायभूमीपासून हजारो मैलांवर बसून लिहिणाऱ्या त्या माणसाने हा स्वतःविरुद्ध दिलेला कबुलीजबाब आहे. चंपावत, पनार, रुद्रप्रयाग येथे त्याने मारले, तेव्हा त्यास अधिकार होता. माणसांचे प्राण धोक्यात होते. पवळगढच्या वाघावर त्यास अधिकार नव्हता, आणि तरी तो मेला. देवीधुऱ्याच्या वाघावरही अधिकार नव्हता. तो वाचला, आणि तो वाचल्याचा आनंद म्हातारपणी लेखकाच्या शब्दाशब्दांतून ओसंडतो. आपली गोळी चुकल्याबद्दल एवढा प्रसन्न असलेला शिकारी आम्ही दुसरा पाहिला नाही.

पुजाऱ्याच्या वाक्यामागे कोणती शक्ती होती, याची चर्चा लेखक करीत नाही. कथेच्या आरंभी तो पहाडी लोकांच्या अंधश्रद्धेविषयी बोलतो, पण त्यात तुच्छता नाही. नरभक्षकाच्या मागावर असता आधी एखादा साप मारल्यावाचून आपणांस यश येत नाही, अशी स्वतःची समजूत त्याने अन्यत्र कबूल केली आहे. त्याच पुस्तकात पूर्णागिरीच्या देवीच्या डोंगरावर रात्री दिसलेल्या दिव्यांची हकीकत आहे. दिवे दिसले एवढे तो सांगतो. का दिसले हे सांगण्याचा आव आणीत नाही. जे पाहिले ते सांगावे, जे कळले नाही त्यावर शपथ घेऊ नये, ही उत्तम साक्षीदाराची खूण होय. आमच्या श्रद्धाळू वाचकांनी या कथेतून देवीचा चमत्कार सिद्ध झाला असे समजू नये, आणि आमच्या सुशिक्षित तरुणांनी पुजाऱ्यास भोळा समजू नये. पुजाऱ्याने चमत्काराचा दावा केलाच नव्हता. त्याने फक्त हा वाघ कोणाचा, एवढे सांगितले होते.

आणि येथे ही कथा हिमालयातून आमच्या अंगणात येते. सत्तरी, सांगे, काणकोण या आमच्या सह्याद्रीच्या पायथ्यास वाघ हा देव आहे. 'वाघ्रो' म्हणून त्याच्या दगडी मूर्ती पूजेत आहेत. नानोड्याजवळ बांबर येथील निरंकाराच्या राईत पाणथळीत वाढणाऱ्या रानजायफळांचे दुर्मिळ रान टिकले, ते कोणत्याही सरकारी हुकुमापूर्वी देवाच्या नावावर टिकले. उत्तर कोकणातील वारली मंडळी आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात, आणि आम्ही त्याच तिथीस वसुबारस म्हणून सवत्स गाईची पूजा करतो. एकाच दिवशी एका घरी गाय, दुसऱ्या घरी वाघ! ज्यांनी ही तिथी नेमली, त्यांस गाय आणि वाघ यांचे वैर माहीत नव्हते असे थोडेच आहे? वैर माहीत असूनही दोघांस जागा ठेवावी, हाच त्या तिथीचा अर्थ आम्हांस दिसतो.

या परंपरेचा अभिमान आम्ही सभांतून पुष्कळ मिरवितो. मग जानेवारी २०२० मधील गोळावलीचे काय? म्हादई अभयारण्यात, वाघ्रोच्या त्याच सत्तरीत, एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले मेलेली सापडली. वाघांनी गुरे मारली म्हणून मेलेल्या जनावरात विष घातले गेले, असे तपासात पुढे आले. देवीधुऱ्याच्या वाघावर जो आरोप, तोच या वाघिणीवर. तेथे देऊळ आडवे आले. येथे देव होता, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता, १९९९ पासूनचे अभयारण्य होते, आणि कोणीच आडवे आले नाही.

विष घालणाऱ्या हातांस दोष देणे सोपे आहे, आणि कायद्याने तो द्यावाच लागतो. वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यास मारण्यास आपला कायदा फार अरुंद वाट ठेवतो: तो मानवी जीवितास धोकादायक झाला आहे आणि त्यास जिवंत पकडणे किंवा हलविणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीवरक्षकाची खात्री होऊन त्याने कारणे लेखी नमूद केली पाहिजेत. कॉर्बेटने स्वतःवर घातलेली बंधने आज अशी कलमांत उतरली आहेत. परंतु कलम वाचता येते ते आम्हांस. ज्याच्या गोठ्यातील दुभती म्हैस गेली, त्याच्यापर्यंत भरपाईचा पैसा किती दिवसांनी पोहोचतो, किती खेटे घालावे लागतात, हे विचारण्यास आपल्यापैकी कोण गेले? कॉर्बेटवर आम्ही आत्ताच आक्षेप घेतला की, गरिबाचे प्रेम त्याने सांगितले, हक्क सांगितले नाहीत. तोच आक्षेप आमच्यावर येतो. वाघ्रोचा अभिमान देवळात बसणाऱ्याचा आणि गुरे जाणार रानाच्या कडेला राहणाऱ्याची, ही वाटणी धर्माची नव्हे.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा प्रदेश व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून तीन महिन्यांत घोषित करण्याचा आदेश दिला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र या निमित्ताने पुष्कळांनी असा युक्तिवाद केला की, येथील वाघ मुळी येथचे नव्हेतच, पलीकडल्या रानांतून येणारे पाहुणे आहेत. सह्याद्रीच्या त्या अंगास बेळगावकडे भीमगड, खाली काळी नदीचे रान. वाघास त्यांच्यातली सीमा ठाऊक नाही. सीमाभागातील आमचे वाचक सीमेचे दुःख चांगले जाणतात. त्यांस आम्ही एवढेच विचारतो: ज्याला आपण देव म्हणून दगडात कोरले आणि पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावला, त्यास आज 'परप्रांतीय' म्हणण्याचे धैर्य आपणांस कसे होते?

मराठीत या विषयावर लिहिणारे नव्हते असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळीचे जीवन 'सत्तांतर'मध्ये अशा संयमाने लिहिले की, त्या पुस्तकास १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापूरचे मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी आदिवासींच्या तोंडून पशुपक्ष्यांची नावे आणि सवयी वेचल्या, आणि मराठीला रानाचा एक शब्दकोशच दिला. कॉर्बेटच्या लेखनात जी उणीव आम्ही दाखविली, ती चितमपल्लींनी काही अंशी भरून काढली आहे. त्यांच्या रानात राहणारा माणूस रानाचा जाणकार म्हणून बोलतो. तथापि ज्यास आपण शिकारकथा म्हणतो, जीत मारणारा स्वतःची झडती घेतो, तसे पुस्तक मराठीत अजून लिहिले जावयाचे आहे. आमच्या कोकण-गोव्यात रात्री बॅटरी घेऊन डुकरास जाणारे आणि दुसऱ्या दिवशी देवळात पहिल्या रांगेत उभे राहणारे गृहस्थ आम्ही ओळखतो. त्यांच्यापैकी एकाने खरी साक्ष लिहिली, तर ती आमच्या दहा व्याख्यानांहून मोलाची ठरेल.

१९७२ साली देशात १,८२७ वाघ मोजले गेले. १९७३ साली कॉर्बेटच्याच नावाच्या उद्यानातून व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला, आणि २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३,६८२ आहे. आकडा समाधानाचा आहे. पण देवीधुऱ्यास मोजदाद नव्हती. तेथे एकच वाघ होता, आणि तो सर्वांच्या ओळखीचा होता. मोजलेला वाघ सरकारचा होतो. ओळखीचा वाघ गावाचा असतो. दोन्ही लागतात, हे आम्ही वकील असल्यामुळे नाकारीत नाही. पण दुसऱ्यावाचून पहिला गोळावलीस पोहोचतो, हे पाहिल्यावर केवळ पहिल्यावर विसंबवत नाही.

आता त्या राईचे काय झाले ते सांगून लेख पुरा करतो. घरी परतल्यावर आम्ही महाजनांस पत्र पाठविले. मालकीविषयीचे मत बदलण्यासारखे काही नव्हते. ते तसेच ठेविले. पण त्याखाली लिहिले की, कागद देवस्थान मालक आहे एवढेच सांगतो. देवस्थान म्हणजे कोण, हे कागद सांगत नाही. ते आपल्या भटांस विचारावे. पत्रास उत्तर आले नाही. पुढे कळले की परवानगी काढून दोन वृक्ष पाडले गेले, आणि मग लाकडाच्या भावावरून ठेकेदाराशी बिनसल्याने काम थांबले. म्हणजे उरलेली राई ना आमच्या पत्राने वाचली ना भटांच्या शब्दाने. ती एका घासाघिशीने वाचली, आणि भाव जमला तर तीही जाईल. देवीधुऱ्याच्या पुजाऱ्याला आपल्या वाक्याची खात्री होती, कारण त्याच्या मागे गाव उभे होते. आमच्या भटांच्या मागे पायरीवर त्या संध्याकाळी कोणी नव्हते. शेजारी एक वकील होता, आणि तो हसला होता. ही साक्ष आम्ही स्वतःविरुद्ध देत आहोत. वाचकांपैकी जे आपापल्या देवस्थानांत महाजन आहेत, त्यांनी पुढल्या सभेत राईचा विषय निघाला तर ती आठवावी.